आईले करमते नं?

दादा, मेलास म्हणून आपला वाद मिटला असं समजू नकोस.

परवा तुझी तेरवी झाली. माझ्या सिंदी मेघेच्या घरासमोर मांडव घातला होता. पंगतीत जो तो म्हणत होता, काय सरळ माणूस होता हो. मी वरणाची बादली घेऊन वाढत होते आणि मनात म्हणत होते, सरळ? या सरळ माणसाने बावीस वर्षं मला एका प्रश्नाचं धड उत्तर दिलं नाही.

मी सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसते. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, आणि शिक्का नसेल तर तो कागद माझ्या लेखी जगात नाही. घरीही माझं तेच चालतं. दुधात पाणी आहे का, भाजीवाल्याने काट्याखाली काही चिकटवलंय का, हे आज ऑफिसातून अर्धा तास लवकर का आले, सगळं मला विचारायचं असतं. तू हसायचास. म्हणायचास, "बाई, तू देवाले बी पावती मागशीन." मागेन. त्यात हसण्यासारखं काय आहे?

जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी लागली तेव्हा आपल्याकडे जागा नव्हत्या आणि कोकणात होत्या. तू डोंगरापलीकडच्या त्या लहानशा समुद्रकाठच्या गावी निघालास. आपल्या देवळीच्या स्टँडवर आई रडत होती, आणि तू तिला म्हणालास, "चार वर्षं काढतो नं, मंग बदली घेतो अन् येतो." चाराची आठ झाली, आठाची सोळा झाली. त्यातच, नववं वर्ष चालू असताना बाबा गेले, देवळीच्या घराला कुलूप लागलं आणि आई माझ्याकडे आली. दर वर्षी बदल्यांचा हंगाम आला की आपलं ठरलेलं भांडण व्हायचं.

"अर्ज भरला?"

"भरला."

"पावती दाखव."

"काऊन वं पोलिसावानी विचारून राह्यली? नाव नाई आलं यादीत, मी काय करू?"

तुझ्याबरोबर लागलेले आपल्याकडचे दोघे मास्तर कधीच परत आले. त्यांची नावं आली, तुझंच कसं येत नाही? मी म्हणायचे, तू अर्ज भरतच नाहीस. तू आईची जबाबदारी माझ्यावर टाकून तिकडे लाटा मोजत बसला आहेस. तू ऐकून घ्यायचास आणि फोन ठेवायच्या आधी न चुकता विचारायचास, "आईले करमते नं?" मला वाटायचं, चोराच्या मनातली टोचणी आहे ही. मी "करमते" म्हणायचे आणि फोन कापायचे.

तिकडच्या गोष्टी तू सांगायचास त्याही मला खऱ्या वाटायच्या नाहीत. म्हणे, तिथे लोखंड टिकत नाही, खारा वारा दाराची कडी दोन पावसाळ्यांत खाऊन टाकतो. म्हणे, आईने दिलेले पापड आठवड्यात कातड्यासारखे होतात आणि काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवावी लागते. म्हणे, गावात समुद्राकडे कोणी बघत बसत नाही, जो बघत बसला तो बाहेरचा हे लगेच कळतं. स्टँडवर उतरून मेथीची जुडी घेतली, तर खोलीवर पोचेपर्यंत घरमालकीण दारात उभी राहून विचारते, मेथी चांगली मिळाली का. इथे उन्हाळ्यात आमच्या ओठांना भेगा पडतात, दोरीवर टाकलेला टॉवेल दुसरा टाकेपर्यंत वाळतो. तुझे कपडे चार-चार दिवस ओले राहतात यावर मी कसा विश्वास ठेवायचा?

आणि तो वास. दिवाळीला तू यायचास, पिशवीतून आमसुलं निघायची, कुळथाचं पीठ निघायचं, आणि त्यांच्या आधी वास निघायचा. आपली आई माळकरी. तिने तुला निघताना गळ्यातल्या माळेची शपथ घातली होती, मासळीला शिवायचं नाही. ती विचारायची, "हा वास कायचा रे?" तू म्हणायचास, "समुद्राचा." आईला पटायचं. मी मात्र तू आंघोळीला गेलास की तुझे सदरे हुंगायचे. माझी खात्री होती की तुझ्यासाठी तिथे कोणीतरी बाई मासळी रांधते. घरमालकीण, घरमालकीण करायचास ना तू सारखं? आईने तुझ्यासाठी तीन स्थळं बघितली, तिन्ही फिरली. समुद्राकाठी पोरगी देत नाई, म्हणाले. तुला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही हेसुद्धा मी टिपून ठेवलं होतं.

आपला शेवटचा फोन तर तुला आठवत असेलच. आई न्हाणीत घसरली होती, गुडघा सुजला होता. मला रजा मिळत नव्हती. मी तुला नको नको ते बोलले. म्हटलं, बदली घे, देवळीचं घर उघड आणि आईला घेऊन जा. मी थकले. मुलगा आहेस ना तू? पळपुटा आहेस, खोटारडा आहेस. तू ऐकून घेतलंस, आणि सगळं ऐकून झाल्यावर पुन्हा तेच. "आईले करमते नं?" मी तसाच फोन कापला. नऊ दिवसांनी तुझ्या शाळेतून फोन आला.

आम्ही दोघं नवरा-बायको निघालो. आईला गुडघ्यामुळे आणता आलं नाही. गाडी, मग दुसरी गाडी, मग एसटी, पूर्ण दीड दिवस गेला. गावकऱ्यांनी तुला ठेवून घेतलं होतं, बहीण येते म्हणून. तुला ओसरीवर निजवलं होतं, आणि तुझ्या चहूबाजूंनी बर्फ होता. मासळीचा बर्फ, दादा. होड्यांवर मासळी ज्यात ठेवतात त्याच पेट्यांतून आणलेला. ज्या वासासाठी मी तुझे सदरे हुंगत होते तो वास तुला अंगभर लागला होता. मी रडायला वाकले आणि पहिला विचार मनात आला, हे आईला सांगायचं नाही. अजून सांगितलेलं नाही.

तुझी घरमालकीण बघितली. नलूकाकी. माझ्या मनातली बाई चाळिशीची, केसांत अबोली घातलेली होती. ही सत्तरीची, एका डोळ्यात मोतीबिंदू, दात मोजून तीन. माझा वीस वर्षांचा संशय ओसरीवरच ढासळला. मला खरं तर लाज वाटायला हवी होती, पण मला राग आला.

सगळं उरकल्यावर हे परत गेले, आईजवळ कोणी हवं होतं. मी तुझी खोली आवरायला चार दिवस राहिले. सांगायला आवरायला, खरं तर तपासायला. दाराची कडी खरंच गंजून निम्मी झाली होती. काडेपेटी तांदळाच्या डब्यात होती. मी धुवून टाकलेली साडी तिसऱ्या दिवशीही दमट होती. तू खोटं बोलत नव्हतास हे एकेक करून कळत होतं आणि मी आणखी चिडत होते, कारण जे मला शोधायचं होतं ते सापडत नव्हतं. पेटीत अर्जाचा एकही कागद नव्हता.

मग मी गावात विचारत सुटले. वाण्याच्या दुकानात, शाळेत, पोस्टात. भाऊ बदलीचा अर्ज भरायचा का हो? तुझ्या गावाने मला जो इंगा दाखवला! मी कोण, कधी उतरले, काल काय शिजवलं, सगळं त्यांना ठाऊक. वाण्याने तर मी न मागता साखर कमी चहापत्ती जास्त बांधून दिली, तुमच्याकडे कडक लागतो ना, म्हणाला. पण तुझ्याबद्दल विचारलं की सगळ्यांचे चेहरे कोरे. नलूकाकीला तुझ्या कुठल्या सदऱ्याचं कितवं बटण तुटलंय ते माहीत होतं. तिला विचारलं, माझा भाऊ मासे खायचा का? म्हणाली, "माका काय म्हायत?" सबंध गाव बाहेरच्या बाईकडे संशयाने बघत होतं. मी संशयी म्हणून आपल्याकडे प्रसिद्ध, पण या लोकांपुढे मी अगदीच कच्ची.

चौथ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "चला, रापणीक." तू फोनवर कधी तरी सांगितलं होतंस, मी अर्धवट ऐकलं होतं. समुद्रात लांबवर मोठं जाळं सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. जो दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कोणी का असेना. रोज शाळेच्या आधी तू दोर ओढायला जायचास हे मला तिथे कळलं. वाळूतून चालता चालता ती सांगत होती, की पहिलं वर्षभर तू दोर ओढायचास आणि वाटा न घेता निघून यायचास. आईची शपथ ना! पण गावाला शपथेचं काय ठाऊक?

"लोक म्हणाक लागले," काकी म्हणाली, "ह्यो वाटो घेणा नाय, म्हणजे ह्याका हंय रवाचा नाय. आज ना उद्या जातलो. मगे मी सांगलंय, गुरुजी, वाटो घेवा. खावा नायतर मांजराक घाला, पण हातात घेवा."

तू घेतलास. त्या दिवसापासून गाव तुझ्याशी बोलायला लागलं.

मीही दोर धरला. ओला दोर तळहात सोलून काढतो, हे तू कधी बोलला नाहीस. माझ्या पुढे एक म्हातारा, मागे दोन बायका. कोणी मला काही विचारलं नाही. जाळं वर आलं, मासळी वाळूवर पसरली, त्यांनी भराभर लहान लहान ढीग घातले. ज्याचा त्याने उचलला. शेवटी दोन ढीग उरले. एक माझा होता. दुसऱ्याकडे बोट दाखवून तो म्हातारा म्हणाला, "ह्यो गुरुजींचो."

तू गेल्यापासून रोज तुझा वाटा बाजूला काढत होते, दादा.

सगळे आपापल्या टोपल्या बांधत होते, कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि मला पक्कं ठाऊक होतं की सगळे माझ्याकडेच बघताहेत. जन्मात मी मासळीला हात लावला नव्हता. मी वाकले आणि दोन्ही वाटे पदरात घेतले. गार, बुळबुळीत, त्यातला एक अजून हलत होता. नलूकाकीच्या परातीत ते ओतले तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसली. विळी घेऊन बसली, खवलं उडायला लागली आणि मी काही विचारण्याआधीच ती बोलायला लागली.

तू दर वर्षी अर्ज भरायचास. तिच्या ओसरीवर बसून. नाव येत नसे आणि त्या दिवशी तू जेवत नसायचास. मग अकराव्या वर्षी नाव आलं. देवळी तालुका. तू तिच्या घरी पेढे दिलेस, वर्गातल्या पोरांना दिलेस, पेटी बांधलीस. गावाने म्हटलं, बघा, शेवटी निघालेच. दोन दिवस पेटी ओसरीवर बांधलेली होती.

"मगे फोन इलो," काकी म्हणाली. "बोलून झालो, तसे बसान रवले. दुसऱ्या दिवशी पेटी सोडली आणि रापणीक गेले. नको म्हणून लिवन दिल्यानी."

"कोणाचा फोन?"

"आवशीचो. तुमच्या आवशीचो."

मी म्हटलं, शक्य नाही. माझ्या आईला फोन लावता येत नाही, तिला आकडे दिसत नाहीत. काकीने खांदे उडवले आणि दुसरा मासा घेतला. तिला माझ्याकडून पावती नको होती.

परत येताना गाडीत मी एकच गोष्ट घोळवत होते. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, कोणी तरी फोन केला आणि मला पत्ता नाही. आईला मी लगेच विचारलं नाही. तेरवी होऊ दिली, भांडी आवरली, पाहुणे गेले. काल दुपारी ती पलंगावर गुडघ्याला तेल लावत बसली होती, तेव्हा तेलाची वाटी मी हातात घेतली आणि तेल लावता लावता विचारलं.

ती दचकलीसुद्धा नाही. "केलता मी फोन," म्हणाली. "शेजारच्या बाईनं लावून देल्ता. तू हापिसात गेलती."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तो आला असता तं तू दुसऱ्या दिवशी मले देवळीले पोचवलं असतं. पोरगा गावात असताना माय पोरीच्या घरी राह्यते का? तुले काई वाटलं नसतं, पण लोकं काय म्हणतीन? अन् मले तुझ्याकडं राहाचं होतं."

मी तेल लावत राहिले. दुसऱ्या दिवशी नसतं पोचवलं, चार दिवस थांबले असते. पण पोचवलं असतं. शेवटच्या फोनवर मी तुला तेच तर सांगत होते, आणि आई तेव्हा आतल्या खोलीत जागी होती.

"मग दादा काय म्हणाला?"

"काय म्हणीन? म्हणे, आई, तुले तिकडं करमते नं? मी म्हणलं, करमते. म्हणे, मंग मी राह्यतो इथंच. मीच म्हणलं त्याले, बाईले सांगजो नोको. तिले वाटीन, मायनं आपल्याच गळ्यात घंटी बांधली."

आणि तू सांगितलं नाहीस. खोटारडा म्हटलं तरी नाही, पळपुटा म्हटलं तरी नाही. एक वाक्य बोलला असतास तर माझं तोंड बंद झालं असतं. आता आठवून बघते तर पहिल्या दहा वर्षांत तू तो प्रश्न कधी विचारल्याचं आठवत नाही. त्यानंतर एकही फोन त्याच्याशिवाय संपला नाही. मला तुझे पाय धरावेसे वाटतात आणि तुला बदडून काढावंसंही वाटतं. एवढी वर्षं मला समजत होतं की आई माझ्या पदरात पडली आहे. तिने मला निवडलं होतं हे मला कळलं असतं, तर मी तिच्याशी वेगळी वागले असते रे. थोडी तरी.

पण थांब. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. काल रात्रभर झोपले, सकाळी उठले आणि नवा संशय घेऊनच उठले. आईने नको म्हटलं म्हणून तू राहिलास, की तुलाही राहायचंच होतं आणि आईचं निमित्त बरं सापडलं? पेटी सोडलीस आणि दुसऱ्या दिवशी लगेच दोर ओढायला गेलास. दुःखी माणूस असा जातो का? ते गाव तुला इतकी वर्षं "हा जाणार" म्हणत होतं, आणि इकडे मी "हा येत नाही" म्हणत होते. दोन्हीकडून संशय खाऊन तू जिथे राहिलास तिथे तुझा वाटा वेगळा निघत होता. इथे तुझ्या नावाचं काय निघत होतं? भांडण. तर खरं सांग, तिथे आवडत होतं ना तुला? आवडत असेल तर माझी हरकत नाही. फक्त मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि आता कोण सांगणार? मासे खायचास का ते नलूकाकीने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही आता कोणाला विचारणार नाही.

एक मात्र राहिलं होतं. आज ऑफिसला निघताना आईजवळ गेले. म्हटलं, "आई, तुले माझ्याकडं करमते नं?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

मग म्हणाली, "करमत होतं. तो तिकडं हाये, म्हणून इकडं करमत होतं."

दादा, तू इतकी वर्षं विचारत होतास आणि मी प्रत्येक वेळी "करमते" म्हणून फोन कापत होते. आईला एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारून सांगते आहे.